एक जूनची पोरं

आई म्हणायची, राग धरायचाच तर माणसानं मोठ्या गोष्टीचा धरावा. जमिनीचा धरावा, सोयरिकीचा धरावा. मी धरला तो बास्केटबॉलचा. त्याला आता इतकी वर्षं झालीत की बायकोला, दोन्ही मुलींना आणि नव्या जावयालासुद्धा तो पाठ आहे. जेवताना मी ‘त्या मे महिन्यात’ एवढं म्हटलं की धाकटी ताट उचलून आत जाते. म्हणून हे लिहून काढतोय. लिहिताना निदान कोणी उठून जात नाही.

त्या काळी कोल्हापुरात मे महिन्याच्या सुट्टीत हायस्कूलच्या पोरांची बास्केटबॉल स्पर्धा भरायची. मोठी म्हणजे खरंच मोठी. सांगली-मिरज, कराड, सातारा, इचलकरंजी, बेळगाव, सोलापूर, पुणे, कुठून कुठून संघ यायचे. शाळांच्या वर्गांत बाकं भिंतीला सरकवून पोरं सतरंज्यांवर झोपायची आणि सकाळी नळावर बादल्यांवरून भांडायची. मैदानाच्या तीन बाजूंनी बांबूच्या गॅलऱ्या बांधायचे. सिमेंटचं कोर्ट दुपारी असं तापायचं की अनवाणी पाय पडला तर माणूस नाचतच बाहेर यायचा. म्हणून सामने सकाळी आठच्या आत, नाहीतर चारनंतर. भोंग्यावर बोलणारा गृहस्थ एरवी कुस्त्यांच्या मैदानात बोलायचा. त्यामुळे कुणी बास्केट केली की तो, “टाकला, टाकला, आस्मान दाखवलं!” असं काहीतरी ओरडायचा. तालमीतले म्हातारे पैलवान पहिले दोन दिवस येऊन बसायचे आणि पंधरा मिनिटांनी एकमेकांना विचारायचे, “पर ह्यात पाडायचं कुणाला?”

अशा खेळात मी पडलो. मी वर्गात सगळ्यांत बुटका. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला, फोटोत कायम खाली मांडी घालून. लंगडीत, खो-खोत, कुस्तीत कायम खाली. पण डाव्या कोपऱ्यातून मी चेंडू मारला की तो रिंगमध्ये जायचा. का जायचा ते मला ठाऊक नव्हतं. आमचे खेळाचे सर एकदा पाठीमागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “उंचीनं तू काय कामाचा न्हाईस. पण देवानं चुकून तुला दुसऱ्याचा हात लावलाय.”

आधीच्या वर्षी मी राखीव होतो. राखीव म्हणजे टॉवेल आणि पाण्याची घागर सांभाळायला. या वर्षी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मी पहिल्या पाचांत. फेब्रुवारीपासून मी पहाटे पाचला राजारामपुरीतून पळत मैदानावर जायचो. संघाकडे चेंडू एकच, तोही शिवण उसवलेला. आपली पाळी येईपर्यंत मी नुसत्या हातानं मारल्यासारखं करायचो. पुढचं वर्ष मॅट्रिकचं. मॅट्रिकच्या पोराला तेव्हा घरात जोरात श्वास घ्यायलाही बंदी असायची, चेंडूचं सोडाच. म्हणजे खेळायचं ते याच मे महिन्यात. गल्लीतल्या एकूण एक माणसाला मी हे सांगून ठेवलं होतं. न्हाव्याला तर दोनदा सांगितलं.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी दाखल्यांची तपासणी होती. नियम साधा होता. स्पर्धा सुरू होईल त्या दिवशी खेळाडूला सोळा पूर्ण झालेली नसावीत. मैदानाच्या कडेला मांडवात टेबल लावून स्पर्धेचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आमच्या संघाच्या दाखल्यांचा गठ्ठा त्यांनी पानं चाळावीत तसा चाळला आणि एका दाखल्यावर थांबले.

“ह्यो कुणाचा?”

“माझा,” मी म्हणालो.

“थोरल्या भावाचा आणलाईस व्हय?”

“न्हाई. माझाच हाय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाखल्याकडे बघितलं, बोटांवर हिशेब केला. “पोरा, तुला सतरावं सरत आलंय.”

सर हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. मी इतका बारका, की मी सोळाच्या वर असेन हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरांनी माझा दाखला कधी उघडूनही बघितला नव्हता. “अहो, काय बोलताय? बघा की त्याच्याकडं!”

“बघून वय ठरवायला ह्यो काय बैलबाजार हाय? दात बघू काय त्याचं?” टोपीवाले म्हणाले. “हितं कागद बघायचा. जन्म एक जून. सोळा पूर्ण होऊन अकरा महिने झालं. बाद.”

‘बाद’ हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की आजही कुणी तो बोललं, क्रिकेटच्या कॉमेंटरीतसुद्धा, तरी माझ्या कानशिलात ऊन लागल्यासारखं होतं.

आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या एका शाळेचा संघ टेबलाशी आला. त्यातली पाच पोरं मी ओळखत होतो. आबांच्या गावची होती ती.

आबा म्हणजे माझे वडील. शहराबाहेर सात मैलांवरच्या एका गावात ते प्राथमिक शिक्षक होते. रोज सायकलनं जायचे आणि चौथीपर्यंत मलाही पुढच्या दांड्यावर बसवून न्यायचे. ही पाच पोरं त्याच शाळेत माझ्या एक वर्ष मागे होती. नंतर शहरातल्या हायस्कुलात यायला लागली, आणि मी नववीत एक वर्ष मुक्काम वाढवल्यामुळे आता माझ्याच यत्तेत होती. पाचही जण असे, की दारातून येताना वाकावं लागावं. त्यांच्यातला सगळ्यांत थोरला तर गावाकडच्या ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचा. त्यानं त्या सकाळीच मिशी उतरवली होती. उन्हानं रापलेल्या तोंडावर ओठाच्या वर तेवढा एक पांढरा पट्टा दिसत होता. आपण त्याला मिशीवालाच म्हणू.

टोपीवाल्यांनी पाच दाखले बघितले. “एक जून. एक जून. एक जून...” पाचव्याला त्यांनी चष्मा काढला. “गावात एक जूनला जत्रा असती काय रे?”

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जन्मतारीख ठाऊक नसलेलं पोर शाळेत आलं की गुरुजी एक जून लिहायचे, शाळा उघडायच्या आतली तारीख म्हणून. वर्ष कुठलं, तर पोराला पहिलीत बसवायला सोयीचं होईल ते. ही पाच पोरं शाळेत आली तेव्हा आठ-आठ वर्षांची होती, तोवर म्हशींमागं होती. आबांनी त्यांना सहा लिहिलं. म्हणजे आता ते खरे अठराचे आणि कागदावर सोळा पूर्ण व्हायला तीन आठवडे कमी. पाचही दाखले आबांच्या अक्षरातले, टपोरे, शाई कधी न फुटलेले.

“बरोबर हाय,” टोपीवाले म्हणाले. “घ्या.”

मिशीवाल्यानं माझ्याकडे बघून ओळखीचं हसून विचारलं, “काय रं बारक्या, खेळणार न्हवं?”

मी काय उत्तर दिलं ते मुली लहान होत्या तेव्हापासून सांगत आलोय, पण लिहिता येणार नाही.

घरी येऊन मी मोरीतल्या बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती. अंगठ्याचं नख पुढं दोन महिने काळं होतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी ओरडलो, “मला सतरावं सरत आलंय!”

“कोण म्हणतंय?”

“सरकार म्हणतंय.”

“सरकार हुतं काय बाळंतपणाला? मी हुते. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, वडगावात, तुझ्या मामाच्या घरात.” तिनं पदराला हात पुसले. “तुला आत्ता कुठं पंधरावं लागलंय.”

आमच्या घरात वाढदिवस असा काही करायचे नाहीत. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ओवाळायचे, इतकंच. पण कितवा, ते कुणी मोजायचं नाही. मी आपला शाळेतल्या कागदाप्रमाणे वय सांगत होतो आणि आईनं मला कधी विचारलं नव्हतं. मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो. दोन वर्षं आणि वर चार महिने! आयुष्यभर ज्यांच्याखाली चीत झालो, ज्यांनी मला ‘गिड्ड्या’ म्हटलं, ज्यांच्या खांद्यापर्यंत माझं डोकं पोचलं नाही, ती सगळी माझ्याहून दोन-दोन वर्षांनी मोठी होती. मी बुटका नव्हतो. मी लहान होतो.

मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की रडूही येईना. “आबांनी लिहिलं असं?”

“त्यास्नी इचार,” आई म्हणाली. ते उत्तरच होतं.

आबा त्या दिवशी गावातल्या एका लग्नाला मुक्कामाला गेले होते. त्यांची वाट बघायला आईही तयार नव्हती. चेहऱ्यावरून दिसत नसलं तरी तिचाही राग जुना होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती मला घेऊन पेठ वडगावला गेली. जन्माची नोंद तिथल्या कचेरीत होती. मामाच्या ओळखीच्या कारकुनानं एक जाडजूड वही काढली, फुंकर मारली आणि पानं उलटली. नोंद होती. ऑक्टोबर महिना, आईच्या बापाचं नाव, मूल मुलगा. कारकून उतारा लिहिताना मला म्हणाला, “पावणं, लोक हितं वय वाढवून घ्यायला येत्यात, नोकरीसाठी. कमी करून घ्यायला बाया येत्यात. तुमचं काय?”

“बास्केटबॉल,” मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही, पण शिक्का मात्र जोरात मारला.

दुपारी दोन वाजता तो उतारा घेऊन मी सरांकडे गेलो. सरांनी मला उचलून घेतलं. खरंच उचललं, मी होतोच तेवढा. आम्ही दोघं तसेच मांडवात गेलो. टोपीवाल्यांनी उतारा उजेडात धरला, शिक्का बघितला.

“ह्यो खरा,” ते म्हणाले. “म्हंजे दाखला खोटा. खोटी नोंद कुणी केली आणि का केली, त्याचा लेखी अर्ज द्या. त्याची एक प्रत वर शिक्षण खात्याला जाईल. उद्या दहाच्या आत आणा, अकराला सोडत हाय.”

बाहेर आल्यावर सरांचे डोळे चमकले. “लेका, दाखला ज्या हातानं लिहिलाय, त्याच हातानं ती पाच घोडी लिहिलीत न्हवं? तुझा खोटा तर त्यांचा पण खोटा. अर्जात तेबी घाल. तू आत, ते भाईर. एका दगडात सहा पक्षी!”

“सर, ते माझे वडील हायत.”

“मग काय झालं? अर्ज हाय. शिव्या थोड्याच द्यायच्यात?”

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आबा आले. सुट्टी असूनही ते रोज गावाला जायचे. जूनसाठी दारोदार फिरून पोरं गोळा करायचे, त्याला पटनोंदणी म्हणायचे. सायकल भिंतीला लावून ते पाय धूत होते, तेव्हाच मी उतारा त्यांच्यापुढे धरला. ओले हात लागू नयेत म्हणून त्यांनी तो लांबूनच वाचला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. जणू मी शुद्धलेखन दाखवायला आणलं होतं.

“मग तुम्ही एक जून का लिहिलंत? तेही दोन वर्षं आधीचं?”

“पटाला एक पोरगं कमी पडत होतं.”

ते पाय पुसत सांगायला लागले, तेही शांतपणे. शाळेत दोन शिक्षक होते. पट एका पोरानं कमी भरला असता तर दुसऱ्या शिक्षकाची जागा गेली असती आणि चार वर्ग आबांच्या एकट्याच्या गळ्यात पडले असते. तपासणीला साहेब येणार होते. घरात मी उनाड, आईच्या मांडीवर तान्ही बहीण. म्हणून आबांनी मला दांड्यावर बसवलं आणि पहिलीत नेऊन भरलं. तेव्हा मी पावणेचार वर्षांचा. वहीत सहा.

“आणि ते दुसरे गुरुजी?” मी विचारलं. ते मला चांगले आठवत होते. दुपारी खुर्चीत मान मागं टाकून झोपायचे, आणि घोरायला लागले की आम्ही त्या तालावर पाढे म्हणायचो. “त्या झोपाळू माणसासाठी माझी दोन वर्षं गेली?”

“चांगला माणूस होता,” आबा म्हणाले. “सकाळचा.”

“आणि त्या पाचांची दोन-दोन वर्षं कमी केलीत!”

“ती आठ वर्षांची होती. आठ लिहिलं असतं तर गावानं म्हटलं असतं, आता कशाला घालता, कामाला लागलं की पोरगं. सहा लिहिलं म्हणून आली.” मग ते जरा गरम झाले. “आणि तू नववीत एक वर्ष जास्त काढलंस, ते मी लिहिलं होतं का?”

“अकराव्या वर्षी नववीत बसवलंत! मला बीजगणित कळायचं वय होतं का ते?”

आत आई हसली. मला ते सहन झालं नाही. मी मोठ्यांदा ओरडायला लागलो. सगळ्या जगाची पोरं सोयीची करून दिलीत, मोठ्यांना लहान केलंत, आपल्या पोराला गैरसोयीचं करून ठेवलंत, असं बरंच काही. शेजारच्या खोलीतल्या काकूंनी दार ओढून घेतलं. आता हे लिहिताना मला सांगितलं पाहिजे की तो गैरसोयीचा कागद मला अजून सुटलेला नाही. त्याच एक जूनप्रमाणे मी दोन वर्षं चार महिने आधी निवृत्त होऊन घरी बसणार आहे. बायको आत्तापासून विचारते की तेव्हा तू दिवसभर करणार काय. मी तिला सांगतो, चिडून बसणार.

आबा माझं ओरडणं संपेपर्यंत थांबले. “अर्ज द्यायचाय ना? दे.”

“मी लिहिणार आहे. तुमचं नाव घालून.”

“घाल. पण तुझं अक्षर वाईट आहे.” त्यांनी शर्टाची बाही सावरली, दौत आणि बोरू घेतला, माझ्या वहीतलाच एक फुलस्केप काढला आणि पाटावर बसले. ‘मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की...’

आईनं दारातून विचारलं, “अहो, नोकरीवर येईल न्हवं?”

“चौकशी लागेल.”

“मग?”

“मग चौकशी करतील.” त्यांनी मान वर केली नाही. पंधरा ओळी लिहिल्या, एकही खोड नाही. त्यात आपण कोणत्या साली, कोणत्या कारणासाठी, स्वतःच्या मुलाचं वय किती वाढवलं, ते सगळं लिहिलं. त्या पाचांविषयी एक अक्षर नाही. ते मी विचारल्यावर म्हणाले, “तुझं वाढवलं ते माझ्या सोयीसाठी. त्यांचं कमी केलं ते त्यांच्या सोयीसाठी. अर्ज पहिल्याबद्दल आहे.” कागद माझ्या हातात दिला आणि जेवायला बसले.

मला वाटतं, त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, भांडण जिंकून खेळलो असतो. हातात कागद देऊन त्यांनी मला एकटं पाडलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी मांडवात पोचलो. सर आधीच येऊन उभे होते. सोडतीसाठी सगळे संघ जमले होते, तीही पाच घोडी होती. टोपीवाल्यांनी अर्ज घेतला आणि वाचता वाचता त्यांचा हात आपोआप दाखल्यांच्या गठ्ठ्याकडे गेला. त्यांनी ते पाच दाखले काढून अर्जाच्या शेजारी मांडले.

“ह्ये अक्षर एकच हाय,” ते म्हणाले. “सर, तुमाला ठावं हुतं?”

सर आकाशाकडे बघायला लागले.

“मग आता सगळंच मोडायला पायजे. ह्या गुरुजीनं एक तारीख खोटी लिहिली हे मी मानलं, तर ह्या पाचांच्या मी कशा खऱ्या मानू? मानलं तर सहाही एक जून मानायचं, मोडलं तर सहाही मोडायचं. काय ते सांगा. अर्ज ठिवू, का परत नेताय?”

मिशीवाला पुढे आला. त्याला वाचायला दोन मिनिटं लागली. मी मारामारीच्या तयारीत उभा होतो. मनात तीच इच्छा होती. त्यानं मला ढकलावं, मी त्याच्या पोटात डोकं घालावं, आणि मग अर्ज तिथं ठेवून अभिमानानं निघावं.

तो टोपीवाल्यांना म्हणाला, “खेळू दे वो त्याला. बारकं हाय. आमी जातो घरला, म्हशी हायतच. फकस्त गुरुजींचं नाव काढा त्यातनं.”

“नाव काढल्यावर अर्ज कशाचा राहिला?”

“मग अर्ज नगंच. गुरुजींच्या नोकरीवर काय आणू नगा म्हंजे झालं.” मागं उभ्या चौघांनी माना हलवल्या. त्यातला एक तर टोपी हातात घेऊन उभा होता, साहेबासमोर उभं राहावं तसा. “गुरुजी नसते तर आमी हितं नसतो,” तो म्हणाला.

इथं मला मोठेपणा सुचला असं सांगायला आवडलं असतं. जावयाला पहिल्यांदा मी तसंच सांगितलं होतं, पण मुलींनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं. खरी गोष्ट अशी की मला असह्य राग आला. माझ्या बापाची काळजी करणारे पाच जण तिथं उभे होते, आणि त्याच्यावर अर्ज घेऊन आलेला मी एकटा. त्यांना तो माझ्याहून जास्त लागत होता. आणि वर मला ‘बारकं हाय’ म्हणून सोडून देत होते. मी टेबलावरून अर्ज ओढला आणि फाडला. चार तुकडे केले, मग आठ. त्याहून बारीक होईनात, कागद चांगला होता.

“मला न्हाई खेळायचं,” मी म्हणालो.

“अरं गाढवा!” सर ओरडले. त्यापुढे मॅट्रिक होईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

सोडतीत आमची आणि त्यांची गाठ पहिल्याच संध्याकाळी पडली. मी न जायचं ठरवलं आणि चार वाजता गॅलरीत जाऊन बसलो. खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात खाली आबा दिसले. धुतलेला सदरा, टोपी, एका हातात सायकलचं कुलूप. त्यांनी आयुष्यात हा खेळ बघितला नव्हता. दोन्ही संघांतल्या पोरांवरून ते एकेक करून नजर फिरवत होते, मला शोधत. मग वर बघितलं.

“इथं काय करतोस?” ते गॅलरी चढून आले.

“बसलोय.”

“खेळत का नाहीस? अर्ज दिला नाहीस?”

“फाडला.”

मी त्यांना इतकं चिडलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “फाडला? मी लिहून दिलेला? मी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही, चौकशीत काय सांगायचं ते पाठ करत होतो, आणि तू फाडलास?”

“तुमची नोकरी गेली असती!”

“माझी नोकरी, मी बघितली असती! तुला कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला?”

“मी तुमच्यावर उपकार केले नाहीत! मला राग आला होता!”

“कशाचा?”

“तुमचा!”

“ओ मास्तर, खाली बसा की!” मागून कुणीतरी ओरडलं. “कुस्ती हिकडं हाय काय तिकडं?” आजूबाजूचे हसले. आम्ही दोघंही बसलो. खाली आमच्या संघातल्या एकानं, माझ्या जागी घेतलेल्यानं, डाव्या कोपऱ्यातून मारला. चेंडू बोर्डालाही लागला नाही. मी डोकं गुडघ्यांत घातलं.

हातातलं कुलूप चाळवत आबा म्हणाले, “उद्या दुसरा अर्ज देऊ.”

“उद्या आमचा सामना नसेल. जो हरतो तो घरी जातो.”

“परत संधी नाही?”

“नाही.”

“हा कसला नियम?” त्यांना ते खरंच पटलं नाही. “नापास झालेल्याला आपण परत बसवतो.”

आम्ही सहा गुणांनी हरलो. घरापर्यंत आबा सायकल हातात धरून पुढे चालले, मी मागे. जेवताना आई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायची.

निदान त्या पाचांनी स्पर्धा जिंकायला हवी होती. अठरा-अठरा वर्षांची ती घोडी दुसऱ्याच सकाळी पुण्याच्या एका संघाकडून हरली. पुण्याची पोरं माझ्याएवढी, फार तर चार बोटं उंच, खरी पंधरा वर्षांची, पायात पांढरे बूट. ती त्यांच्या पायांमधून चेंडू काढून नेत होती. मिशीवाला तिघांना धडकला आणि पंचांनी त्याला बाहेर बसवलं. मी आबांबरोबर आलो होतो. ‘मी येतोय’ इतकंच ते सकाळी म्हणाले होते. शेवटची शिट्टी झाल्यावर पाचही जण घामाघूम होऊन गॅलरीखाली आले आणि आबांच्या पाया पडले. “हारलो, गुरुजी,” मिशीवाला म्हणाला.

आबा त्याच्या पाठीवर हात ठेवणार, तेवढ्यात मी पुढे झालो. सरावानंतर कुणीतरी सोडून दिलेला, शिवण उसवलेला चेंडू माझ्या हातात होता.

“लाज वाटत न्हाई?” मी ओरडलो. “मिशा उतरवून आला आणि बारक्या पोरांकडनं हारला? माझी जागा घेतलीस, निदान जिंकायचं तरी हुतं!”

त्यानं तोंडावरचा घाम पुसला. “तुझी जागा कवा घेतली मी? तू तुझ्या शाळेत, मी माझ्या शाळेत.”

खरं होतं ते. म्हणून मी हातातला चेंडू त्याच्या तोंडावर फेकून मारला, जीव खाऊन. त्यानं तो एका हातात झेलला, उसवलेल्या शिवणीकडे बघितलं आणि माझ्याकडे परत टाकला.

“जोर हाय की रं,” तो म्हणाला.

मी परत मारला. त्यानं परत टाकला. आबा सायकल धरून उभे होते. ऊन चढायला लागलं होतं, कोर्टवर आता कुणी नव्हतं, आणि मी त्याला चेंडू मारत होतो.